सोमवारचं रक्त

१४ ऑगस्ट १९८९, सोमवार

नऊ झाल्या, दहावी मिळेना! गेला महिनाभर नुसती वणवण. निरोगी बाई हवी, वय पस्तीस-चाळीस, सकाळी उपाशीपोटी थोडं रक्त द्यायचं — एवढंच! पण सुई दिसली की धुळ्यातल्या आमच्या देवपुरातल्या सगळ्या बायकांना अचानक कामं आठवतात. भामरे सर म्हणतात, "लीलाधर, बुधवारपर्यंत दहा पूर्ण करा, नाहीतर पुण्याच्या परिषदेतला पेपर विसरा." विसरा म्हणे! गाइड असल्यावर बोलायला काय जातंय.

आणि मी मूर्ख! काल संध्याकाळी अक्का आली नशिराबादहून, राखीला. घरात बाई बसलीय अन् मी गावभर हिंडतोय. आज सकाळी विचारलं. म्हणाली, "घे रे भो, कितलं पाहिजे तितलं घे. मना भाऊना कामे उनं तं बरंच शे." श्रावण सोमवार, म्हणजे उपाशी असणारच — आयतं जुळलं. तरी प्रयोगशाळेत आल्यावर विचारलं, काही खाल्लं नाहीस ना? "नही रे, उपाशीच शे."

सुई टोचताना तोंड फिरवलं नाही तिनं. उलट प्रश्न. हे काय, ते काय. मी सांगितलं — रक्तात पांढऱ्या पेशी असतात, जंतू आले की त्या खातात. खायला ताकद लागते, ताकद साखरेतून येते. पण साखर पेशीत आपोआप शिरत नाही. पेशीची भिंत तेलकट, साखर पाण्यातली. दोघींचं पटत नाही. म्हणून भिंतीत प्रथिनं बसवलेली असतात, ती बाहेरचा साखरेचा कण धरतात आणि आत सोडतात. त्यावर अक्का — "म्हंजे वाढपी! पंगतमा वाढस तसा. वाढपी नही उना तं पंगत उपाशी." हसलो. चार वर्षं मी हे नीट सांगू शकलो नव्हतो कुणाला.

पेशी वेगळ्या केल्या, उकळून मारलेलं यीस्ट जंतू म्हणून त्यांच्यापुढे टाकलं, साखरेच्या पाण्यात तासभर गरम टाकीत ठेवलं. तासानं नळीत साखर किती उरली ते बघायचं. जितकी कमी उरली तितकी पेशींनी आत घेतली.

दुपारी घरी जेवायला गेलो. मोरीजवळ टोपलीत केळ्यांची सालं ही एवढी! ताटलीत साबुदाण्याची खिचडी. अक्का ओसरीवर पोथी वाचत बसलेली.

परत येऊन आकडे घेतले आणि डोकंच फिरलं. रक्तातली साखर दोनशेच्या वर! नळीतली साखर जवळजवळ होती तशी. पेशींनी घेतलीच नाही म्हणा ना. बाकी नऊ जणींच्या ओळीत ही एक भलतीकडेच.

मग ती सालं आठवली. झालं! आमच्याकडचा उपास. पोळी-भाजी नाही म्हणजे उपाशी. केळी, साबुदाणा, गोड चहा हे काय खाणं थोडंच! सकाळी निघताना दोन-चार केळी पोटात ढकलली असणार आणि वर "उपाशीच शे." नळी ओतून दिली.

दोनशेच्या वर म्हणजे जरा जास्तच. पण किती खाल्ली कोण जाणे.

१५ ऑगस्ट

झेंडावंदन. उन्हात तासभर उभं. नंतर प्रयोगशाळा उघडून स्वतःचंच रक्त काढलं. बाई नाही तर बुवा! सरांना म्हटलं तर म्हणाले, "चालेल, गट निरोगी माणसांचा आहे, बायकांचा हट्ट तुमचाच होता." माझ्या पेशींनी साखर अशी ओढली की बघत राहावं. आलेखाची रेघ सरळ. दहा झाले.

घरी अक्काला विचारावं असं एकदा मनात आलं — काय खाल्लंस, किती खाल्लंस. पण मोठ्या बहिणीला, तेही मायसमोर, 'तू उपासाला चरलीस का' असं विचारायचं कसं? नाही विचारलं. पुन्हा एकदा रक्त घेऊ असंही वाटलं. पण मग ती विचारणार, का रे भो, काय निघालं? राहू दे.

१७ ऑगस्ट

राखी. अक्कानं ओवाळलं. वीस रुपये घातले ताटात, तिनं परत खिशात कोंबले. पोरगी बघायचा विषय निघालाच, मायचा तो नेहमीचा.

अक्का वाळलीय. पाणी फार पिते, तांब्या हातातून सुटत नाही. उकाडाच आहे म्हणा. दुपारच्या गाडीनं गेली.

४ सप्टेंबर

दिवसभर लाईट नाही. टाकी गार. सगळं ओतून दिलं. आज कुणाशी बोलू नये हेच बरं.

२६ नोव्हेंबर

माय नशिराबादला गेली. अक्काकडे कसलंसं उद्यापन आहे उद्या. "तू बी चाल," म्हणाली. पेपर टाइप करायचाय, म्हटलं. "बहीननी इतलं सांगेल शे, चाल ना रे!" नाही गेलो. इथं सर माझा जीव खातायत.

९ डिसेंबर, पुणे

टाळ्या! मला! लीलाधरला!

पंधरा मिनिटं बोललो. शेवटी वाढप्याची गोष्ट घातली — मधुमेहात रक्तात साखर वाहते, दाराशी पंगत मांडलेली, पण वाढपी आळसावलेला. पांढरी पेशी भर जेवणावळीत उपाशी राहते आणि म्हणून जंतूशी लढायला उठत नाही. साधी जखम चिघळते ती अशी. खाली बसल्यावर एक मोठे प्राध्यापक मागून म्हणाले, "फार छान सांगितलंत हो."

ते वाक्य अक्काचं आहे हे सांगायला हवं होतं. नाव कुणाचं घेतलं तर सरांचं.

१८ एप्रिल १९९०

दाजींचा फोन कॉलेजात आला. ऑफिसातून शिपाई पळत. "अक्काला जळगावात आणलंय. पायाला जखम झालीये. तुम्ही या." निंबा दाजी घाबरणारा माणूस नाही. हायवेला सायकलचं दुकान आहे, ट्रकवाल्यांशी रोज भांडतो. आज 'तुम्ही या' तीनदा म्हणाला.

मायला घेऊन निघतोय.

१९ एप्रिल, जळगाव

हे कसं लिहू.

गेल्या महिन्यात अक्का गच्चीवर बिबडे घालत होती. ज्वारीचं पीठ शिजवलेलं, धोतरावर थापत जायचं, भर उन्हात, अनवाणी. तळवे भाजले. "चटका बसना व्हई, पन माले कळनंच नही रे," म्हणाली. कळलंच नाही! संध्याकाळी फोड दिसला तेव्हा कळलं. हळद लावली, चिंधी बांधली, कामाला लागली. फोड फुटला, चिघळला. आता अंगठा आणि शेजारची दोन बोटं काळी पडलीत. वास येतो. मी आत गेलो आणि पहिल्यांदा तो वास आला.

सर्जननं विचारलं, "शुगर कधीपासून आहे?"

दाजी म्हणाले, "नाही साहेब, तिले काहीच नाही. कधी दवाखाना माहीत नाही तिले."

"काहीच नाही कसं? चारशेच्या वर आहे. आजची नाहीये ही. वर्षभर तरी असेल. सहा-आठ महिन्यांपूर्वी कुणी नुसतं रक्त तपासलं असतं तरी गोळ्यांवर भागलं असतं."

मी तिथंच उभा होतो. खिशात हात घालून.

२० एप्रिल

मला माहीत होतं.

इथं तरी खरं लिही, लील्या. तुला माहीत होतं! चार केळी नव्हे, घड खाल्ला तरी धडधाकट बाईची साखर दोनशेच्या वर जात नाही. मी बी.एस्सी.च्या पोरांना शिकवतो हे! शंका आली होती. आली, आणि मी तिला दार लावलं. बुधवार जवळ होता. रेघ सरळ हवी होती. पुन्हा रक्त घ्यायचं तर अक्काला कारण सांगावं लागलं असतं. एवढ्यासाठी! एवढ्याशा संकोचासाठी!

पेशी साखर घेत नाहीत हे मी डोळ्यांनी पाहिलं. माझ्या बहिणीच्याच पेशी. ओतून दिलं मोरीत.

२१ एप्रिल

अंगठा आणि दोन बोटं काढली. इन्शुलिन चालू केलंय.

दुपारी दाजी बाहेर बाकावर बसले होते. चहा आणून दिला. एकदम म्हणाले, "लीलाधरभाऊ, राखीच्या वख्ती तुम्ही तिचं रगत घेतलं होतं ना? काय निंघालं होतं त्याच्यात?"

मी म्हणालो, "आम्ही साखर बघत नाही दाजी. फक्त पेशी बघतो."

तोंडातून निघून गेलं. विचारसुद्धा केला नव्हता. ते म्हणाले, "हां, तेही खरं," आणि बशीत चहा ओतला. इतका विश्वास! एकदा तरी खोदून विचारायचं होतं.

२३ एप्रिल

माय रडतेय, देवाला शिव्या घालतेय. आज वॉर्डात सगळ्या बायकांपुढे — "सोळा सोमवार कयात मनी पोरनी! निरंकार! दिवसभर पानीना घोट बी नही. आनि महादेवनी हाई फळ दिन्हं?"

मी म्हटलं, कसले सोळा सोमवार? कधी?

"श्रावणपासून! तुले कोठे सांगं तिनी. सांगी नही म्हनीसन तं करस. तुनी ती डिगरी व्हवाले पाहिजे म्हनीसन! दिन बुडेपर्यंत तोंडमा काहीच नही. तू उद्यापनले बी उना नही."

मी विचारलं, तो राखीच्या आधीचा सोमवार — घरात तर केळी, खिचडी...

"ती मी खादी! अन् शेजारनी सुंदरबाई. केळं तं ती नशिराबादथीन तुनाकरता लई येल व्हती. तिनी हातबी नही लावा."

उठून जिन्यात जाऊन बसलो. त्या दिवशी ती खरोखर उपाशी होती. पाणीसुद्धा न पिता, माझ्या डिग्रीसाठी धरलेल्या सोमवारी, मला रक्त द्यायला पायी चालत आली. मी विचारलं आणि तिनं खरं सांगितलं. आणि मी ठरवलं की ही खोटं बोलतेय. दोन-चार केळी पोटात ढकलली असणार — हे माझे शब्द. मागचं पान काढून वाचले आत्ता.

२४ एप्रिल

अक्काला ताप. जखम भरत नाही, वर सरकतेय. सर्जन म्हणतात, घोट्यापर्यंत थांबली तर नशीब.

का भरत नाही ते मला कुणी सांगायला नको.

२५ एप्रिल, धुळे

एक दिवस कॉलेज. भामरे सरांच्या केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं. तंबाखू चोळत ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाले, "तुम्ही डॉक्टर आहात का? नाही. ती तुमच्याकडे तपासायला आली होती का? नाही. तो एक नमुना होता, बिघडला, टाकला. असे पन्नास टाकतो आपण. उगाच अंगाला लावून घेऊ नका."

नमुना! माझी अक्का नमुना!

ओरडणार होतो. पण खरं लिहायचं ठरवलंय तर हेही लिहितो. केबिनबाहेर आलो तेव्हा पाच मिनिटं बरं वाटलं होतं. आणि जिना उतरताना डोक्यात आलं — मधुमेही गटात अजून एक नमुना कमी आहे आपल्याला. सरांनी म्हटलं नव्हतं. माझ्याच डोक्यात आलं. लाज वाटते. कसला माणूस आहे मी! तिचा पाय सडतोय आणि मी रकाने भरतोय.

२७ एप्रिल, जळगाव

अखाजी आज, अक्षय्य तृतीया. घरोघरी लेकी माहेरी आल्यात, झोके बांधलेत. येताना पारोळ्याला एस.टी. थांबली, तर लिंबाच्या झाडाला झोका, पोरी गाणी म्हणतायत, एक म्हातारी त्यांना आणखी जोरात म्हणा म्हणून ओरडतेय. खिडकी लावून घेतली.

आमची लेक ऑपरेशनच्या टेबलावर. गुडघ्याखालून पाय काढला.

२८ एप्रिल

शुद्धीवर आली. चादरीकडे बघत राहिली बराच वेळ. मग मी दिसलो. मी रडत होतो, लपवलं नाही.

"रडू नको रे भो. पाय गया, मी तं शे ना."

सांगायला तोंड उघडलं. नर्स आली.

१ मे

सांगितलं नाही.

३ मे

सांगितलं नाही. दाजी दुकान बंद ठेवून बसलेत पंधरा दिवस. त्यांच्यासमोर सांगायला हवं, खोटं त्यांच्याशी बोललो होतो. आज ते बाहेर गेले होते — हे कारण. काल समोर होते, तेव्हा ते समोर आहेत हे कारण होतं!

६ मे

इन्शुलिन टोचायला मीच शिकवतोय तिला. पोटाला, मांडीला, जागा बदलत. सुईला ती अजूनही भीत नाही. आज म्हणाली, "हाई औषध म्हंजे त्या वाढपीस्ले हाका मारस का?"

म्हटलं, साधारण तसंच. सगळ्या पेशींमध्ये नाही. स्नायूंमध्ये ते हाका मारतं. पांढऱ्या पेशींचे वाढपी आपल्या मर्जीनं काम करतात, पण रक्तात साखरेचा असा पूर आला की तेही बिघडतात. नीट कुणालाच माहीत नाही अजून. मी तेच शोधतोय.

"मंग शोध ना! आठे काय बसी ऱ्हायना मनापाशी? मनाकरता नही, दुसरास्करता शोध."

शेजारच्या खाटेवरच्या लताबाईंना ती माझं कौतुक सांगते. माझा भाऊ साखरेवर पीएच.डी. करतो. पेशींचं त्याला सगळं माहीत. लताबाई माझ्याकडे बघून हात जोडतात! मला तोंड लपवायला जागा नाही.

१२ मे

अक्का जरा बसायला लागली. कुबडी आणलीय. माय म्हणत होती, देवधर्म गेला चुलीत. अक्का एकदम चिडली तिच्यावर. आजारपणात पहिल्यांदाच आवाज चढला तिचा — "तसं बोलू नको माय! देवनी काय कयं? एकबी सोमवार मोडना नही मना. तेवढं एक तं मनं पक्कं शे. पाय गया, पन माले कोनी म्हनावाव नही का यशोदानी उपास मोडा."

तोंड कसं उजळलं होतं तिचं हे म्हणताना. तिच्याजवळ अभिमान वाटावा असं एवढंच उरलंय, आणि तेही माझ्यासाठी केलेलं. मी तेच खोटं धरलं होतं.

१५ मे

आज दाजी सर्जनशी बोलत होते. सर्जन पुन्हा तेच — "आधी कळायला हवं होतं." दाजी म्हणाले, "चूक माहीच आहे साहेब. घरात माणूस वाळत चाललंय अन् मी दुकानात पंक्चरं काढत बसलो. मीच पाह्यलं नाही तिच्याकडे." भिंतीला डोकं टेकून रडले. एवढा आडवातिडवा माणूस!

माझ्या वाटचं ते स्वतःच्या डोक्यावर घेऊन चाललेत आणि मी त्यांना पाण्याचा ग्लास देतोय. आता नाही. आता सांगायचंच. माझं काय व्हायचं ते होवो. नशिराबादचं दार बंद होईल, माय बोलणार नाही, अक्का... अक्का काय करेल ते माहीत नाही. त्याचीच भीती सगळ्यात जास्त.

१९ मे

घरी सोडलं तिला. टॅक्सी करून नशिराबादला नेलं. उंबरा मोठा आहे, कुबडी अडली. दाजींनी उचलून आत नेलं. गल्लीतल्या बायका जमल्या होत्या, तोंडाला पदर लावून. ती म्हणाली, "रडतस काय? जावा, चहा टाका!"

मी धुळ्याला परतलो. नाही सांगितलं.

२७ मे

प्रबंध लिहायला बसतो. 'निरोगी गट, संख्या दहा' एवढं लिहिलं की हात थांबतो. जेवण जात नाही. माय म्हणते, "तुले काय व्हई ऱ्हायनं? साखर तं नही ना?" तपासली. नाही. नाही याचंसुद्धा वाईट वाटलं. कसला हा वेडेपणा!

१ जून

सरांना सांगितलं, प्रबंधात ती नळी घालणार. काय झालं होतं ते सगळं मांडणार, मी का टाकली तेही. ते म्हणाले, "डोकं ठिकाणावर आहे का? परीक्षक फाडून खातील." खाऊ देत!

हे सोपं होतं. सर माझे कोण? उद्या नशिराबाद. मायला बरोबर नेतो म्हणजे मागे फिरता येणार नाही.

२ जून, नशिराबाद

सांगितलं. दाजींसमोर, मायसमोर. साखर सापडली होती, मी लपवली, अक्का खाऊन आली असं धरून चाललो, नंतर दवाखान्यात तुमच्याशी खोटं बोललो. सगळं. दाजी उठले. हात उगारला त्यांनी. मी हललो नाही, मारायलाच हवं होतं.

अक्का म्हणाली, "बसा तुम्ही. त्यानं काहीच चुकनं नही. खादं व्हतं मी त्या सोमवारले. भूक सहन नही व्हयनी. मोडना मना उपास. कोनले सांगू?"

दाजींचा हात खाली आला. तिच्याकडे असं बघितलं त्यांनी, जसं कधी बघितलं नसेल. माय तोंडावर हात ठेवून बसली. अक्कानं मान खाली घातली होती, खरोखर चोरी केल्यासारखी.

ती खोटं बोलत होती. मला ठाऊक होतं. एका शब्दाचं काम होतं.

मी गप्प बसलो.